कटाची आमटी करतो, मग भाजीचं पाणी का ओतून देतो?

पुरणपोळीच्या दिवशी डाळ शिजली की ती चाळणीत ओतायच्या आधी घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, “खाली पातेलं ठेवलंय का?” डाळीचा सगळा उतारा त्या पाण्यात, म्हणजे कटात असतो. त्याची आमटी झाली नाही तर आमच्या भागात पुरणपोळीचं जेवण झालं असं कोणी म्हणणार नाही. पण त्याच घरात, त्याच आठवड्यात कोबी उकडून त्याचं पाणी मोरीत जातं, मेथीला मीठ चोळून तिचा हिरवा रस पिळून टाकला जातो आणि चिरलेला दोडका अर्धा अर्धा तास पाण्यात पडून असतो. डाळीच्या उताऱ्याला चव असते, म्हणून तो आपण जपतो. भाजीचा उतारा जिभेला कळत नाही आणि डोळ्यांनाही दिसत नाही.

हे लिहायचं निमित्त म्हणजे फोनवर फिरणारे निरोप. कुकरमध्ये अन्न मरतं, शिजवलेल्या भाजीत काहीच उरत नाही, फ्रीजमधली भाजी म्हणजे विष, असं काहीबाही त्यात असतं. सांगली-मिरजेकडच्या बचत गटांत मी आहाराविषयी बोलायला जाते. तिथं हल्ली हमखास प्रश्न येतो, “ताई, मग आम्ही शिजवतो ते सगळं वायाच जातं का?”

वाया जात नाही. जातं ते थोडं, आणि तेही विस्तवापेक्षा मोरीतून जास्त जातं. मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. पण ते पटावं म्हणून जरा मागून सुरुवात करते.

आधी हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांच्या आसपास बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये आहाराविषयी नव्या सूचना दिल्या. त्यांत दोन हजार कॅलरीच्या आहारासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. चार माणसांच्या घराला म्हणजे रोज दीड किलोवर भाजी. एवढी भाजी किती घरांत येते? आमच्याकडे पाव किलो गवार चौघांत होते आणि बाकीचं पोट भाकरी भरते. एवढी थोडी भाजी घरात येत असेल, तर तिच्यातलं जास्तीत जास्त ताटापर्यंत पोचायला हवं.

गूळ, तर्री आणि राख

जीवनसत्त्व म्हणजे शरीराला अगदी थोडं लागणारं, पण बहुतेक वेळा शरीराला स्वतः बनवता न येणारं द्रव्य. लोह, कॅल्शियम यांसारखी द्रव्यं जमिनीतून झाडात येतात, ती खनिजं. भाजी शिजवताना यांचं काय होतं ते समजायला तीन गोष्टी डोळ्यांसमोर आणा.

पहिला गट गुळासारखा. गुळाचा खडा पाण्यात टाकला की विरघळतो, आणि ते पाणी ओतलं की गूळही गेला. क जीवनसत्त्व आणि ब गटातली जीवनसत्त्वं अशी पाण्यात विरघळणारी. त्यातही क आणि फोलेट (ब गटातलंच एक) उष्णतेलाही हळवी.

दुसरा गट तर्रीसारखा. मिसळीच्या वाटीत लाल तवंग वर तरंगतो, कारण मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. गाजराचा आणि डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, केशरी रंग त्याच कुळातला. पालेभाजीतही तो असतो, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेला. या रंगापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. हा गट धुण्यानं फारसा जात नाही आणि रोजच्या शिजवण्यानं बराच टिकतो. अट एकच, जेवणात थोडं तेल किंवा तूप हवं. नाहीतर तो पोटातून तसाच पुढं जातो.

तिसरा गट राखेसारखा. चुलीत अख्खं लाकूड जळून जातं, पण राख उरते. ती राख आपण परसातल्या वाफ्यात टाकतो, कारण तिच्यात पालाश, म्हणजे पोटॅश असतं. लाकूड जाळणाऱ्या विस्तवाला पालाश जाळता आलेलं नसतं. तसंच भाजीतलं लोह आणि कॅल्शियम. कुकरनं लोह मरतं असं कोणी सांगितलं तर त्याला ही राख दाखवा. खनिजं आगीला दाद देत नाहीत. ती जातात पाण्यात उतरून, आणि तेही आपण ते पाणी ओतून दिलं तरच.

मोरीची वाट

अख्खं उसाचं कांडं पाण्यात बुडवून ठेवलं तर पाणी गोड होत नाही. तेच सोलून, करवे करून टाकलं तर होतं. भाजीचंही तसंच आहे. सालीनं आणि देठानं आतला ऐवज बंद केलेला असतो. सुरी चालली की दारं उघडतात, आणि फोडी जितक्या बारीक तितकी दारं जास्त. म्हणून आधी धुवायचं आणि मग चिरायचं, हा साधा क्रम सगळ्यांत मोलाचा. त्याला एक पैसा लागत नाही. तरी निम्म्या घरांत उलटा क्रम असतो, कारण चिरून धुतलं की भाजी जास्त स्वच्छ झाल्यासारखी वाटते. पालेभाजीला माती फार असते हे खरं. पण देठासकट पेंडी सोडून दोन-तीन पाण्यांतून काढली की माती तळाशी बसते. पान चिरायची गरज नसते.

दुसरी वाट उकडण्याची. पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकलं, तर तिच्यातलं क जीवनसत्त्व निम्म्याच्या आसपास जातं. वाफवली तर त्याहून बरंच कमी जातं. इथं आपल्या आयांची एक रीत मला फार शहाणी वाटते. फोडणीत भाजी परतायची, वर ताटली झाकायची आणि ताटलीत पाणी ओतायचं. त्या थंड ताटलीला खालून वाफ लागते, तिचे थेंब होतात आणि भाजीवरच परत पडतात. भाजी आपल्याच पाण्यात शिजते, खाली लागत नाही. आणखी पाणी लागलंच तर ताटलीतलं गरम पाणी हाताशी असतं. ओतून द्यायला काही उरतच नाही. झाकण असल्यानं हवाही कमी लागते आणि शिजायला वेळ कमी लागतो. झाकलेल्या भाजीचा हिरवा रंग जरा काळवंडतो, पण रंग म्हणजे पोषण नव्हे. हॉटेलातली पालक भाजी हिरवीगार दिसते, तेव्हा कधी कधी तिच्यात खायचा सोडा असतो. सोड्यानं रंग टिकतो आणि क जीवनसत्त्व नासतं. घरात हरभरे, घेवडा लवकर शिजावा म्हणून सोडा टाकायची सवय असेल तर ती सोडा. रात्रभर भिजवलं की काम होतं.

कोबी, फ्लॉवर, श्रावण घेवडा उकडावाच लागला, तर बेताच्या पाण्यात उकडा आणि ते पाणी आमटीत घाला किंवा त्यात कणीक मळा. थालीपिठासाठी दुधी किसून पिळला, तर पीठ त्याच रसात भिजवा. मेथी कडू लागते म्हणून पिळणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की पिळू नका. मुगाची डाळ घाला, शेंगदाण्याचा कूट घाला, कडूपणा मावळतो. कारल्याबद्दल मात्र मी हट्ट धरत नाही. पिळल्याशिवाय घरात कोणी कारलं खाणारच नसेल, तर पिळून खाल्लेलं बरं.

वांग्यालाही सूट आहे. कृष्णाकाठची वांगी भरायला घेतली की चिरा देऊन मिठाच्या पाण्यात टाकावीच लागतात, नाहीतर काळी पडतात. वांग्यात क जीवनसत्त्व मुळातच थोडं, त्यामुळं दहा मिनिटांत फार काही हरवत नाही. दिवसभराची काळजी वांग्यावर खर्च करण्यापेक्षा शेवग्याच्या पाल्यावर आणि मेथीवर करावी.

पण चाकवताचं पाणी ओतावंच लागतं ना?

हा आक्षेप बरोबर आहे. चाकवत, पालक, राजगिरा, माठ यांत ऑक्झलेट नावाचा एक आंबट क्षार भरपूर असतो. तो कॅल्शियमला धरून ठेवतो, म्हणून पालकात कॅल्शियम असलं तरी शरीराला त्यातलं थोडंच मिळतं. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी या भाज्या उकळून पाणी टाकावं, आणि किती खायच्या ते डॉक्टरांना विचारावं. ऑक्झलेट पाण्यात उतरतं, त्याच्याबरोबर थोडं क जीवनसत्त्व गेलं तर जाऊ दे.

बाकीच्यांसाठी जुनी पाककृतीच पुरेशी आहे. आपल्याकडे चाकवत ताकात करतात. ताकातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं, त्यामुळं ते रक्तात आणि मूत्रपिंडात कमी जातं. ज्या बाईनं पहिल्यांदा चाकवतात ताक घातलं तिला ऑक्झलेट माहीत नव्हतं. ताकानं भाजी जिभेला बरी लागते, एवढं तिला कळलं होतं. मेथीत ऑक्झलेट कमी असतं, तिचं पाणी टाकायला हे कारण चालणार नाही.

गिरणीतल्या बायका आणि चार टन पालक

फोलेटविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याचा शोध आपल्याच राज्यातल्या बायकांच्या दुखण्यातून लागला. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एका वेगळ्याच प्रकारचा रक्तक्षय होत होता आणि त्यात जीव जात होते. त्यांच्या ताटात ताजी भाजी, फळं जवळजवळ नव्हती. विल्सनं बरेच उपाय करून पाहिले. शेवटी यीस्टपासून केलेल्या एका स्वस्त अर्कानं या बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय होतं ते मात्र कळलेलं नव्हतं. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं. ‘फोलियम’ म्हणजे लॅटिनमध्ये पान, त्यावरून त्याचं नाव पडलं.

नवं रक्त तयार व्हायला हे फोलेट लागतं. गरोदरपणाच्या अगदी पहिल्या आठवड्यांत बाळाच्या पाठीचा कणा नीट बनायलाही लागतं. तेव्हा तर अनेकींना दिवस गेल्याचं माहीतही नसतं. पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, हरभरा यांत ते भरपूर असतं. पण ते गुळाच्या गटातलं, पाण्यात जाणारं आणि फार वेळ उकळल्यानं नासणारं. पालेभाजी पाच-सात मिनिटांत उतरवावी असं मी म्हणते ते यासाठी.

यावर एक गैरसमज होऊ नये. आशाताई देतात त्या लोह आणि फोलिक अॅसिडच्या गोळ्यांची जागा भाजी घेऊ शकत नाही. गरोदर बाईनं भाजी नीट शिजवायची आणि गोळीही घ्यायची.

मंडईतून घरी येईपर्यंत

भाजी खुडली तरी काही काळ जिवंतच असते, श्वास घेत असते आणि साठवलेलं खर्च करत असते. उन्हात, वाऱ्यात हा खर्च वाढतो. सकाळी खुडलेली पालेभाजी दोन दिवस उघड्यावर राहिली, तर तिच्यातलं क जीवनसत्त्व अर्ध्याहून अधिक गेलेलं असू शकतं, मग तुम्ही ती कितीही जपून शिजवा. म्हणून शिवाजी मंडईत मी आधी पानं बघते, भाव नंतर विचारते. देठ वाकवला की मोडला पाहिजे, लवला तर भाजी जुनी. पाणी मारून टवटवीत केलेली पेंडी मध्ये हात घालून बघावी, आत पिवळी पानं सापडतात.

खेड्यांतून पाटी घेऊन आलेल्या मावशींकडे पोकळा, तांदळी, पाथरी, घोळ, करडई असते. बरेच जण ती ओलांडून पुढं जातात, कारण मुलांना ती नावंच माहीत नाहीत. पण सकाळी शेतात खुडलेली आणि दहाच्या आत विकायला आलेली ही भाजी लांबून ट्रकनं आलेल्या कशाहीपेक्षा ताजी असते. शिवाय आपण पैसे देऊन आणतो त्यातलं बरंच मंडईतच मोडून टाकतो. मुळ्याचा पाला, बिटाची पानं, नवलकोलाची पानं यांत त्यांच्या गड्ड्यापेक्षा अ जीवनसत्त्वाचा ऐवज कितीतरी जास्त असतो. भाजीवाला विचारतो, “पाला काढू का वैनी?” आपण काढ म्हणतो आणि तो शेळीला जातो. शेळीचं भलं होतं.

फ्रीजमधली भाजी विष वगैरे अजिबात नाही. थंडीत भाजीचा श्वास मंदावतो, म्हणून ती जास्त टिकते. पालेभाजी निवडून, न धुता किंवा धुऊन पूर्ण कोरडी करून, कापडात गुंडाळून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. बटाटे, कांदे, केळी बाहेरच बरी. हिरवट पडलेला बटाटा मात्र टाकून द्यावा, त्यातलं विषारी द्रव्य शिजवून जात नाही. गोठवलेल्या मटाराबद्दलही लोक नाक मुरडतात. शेंगा सोलून लगेच गोठवल्यामुळं त्यांतलं क जीवनसत्त्व चार दिवस बाजारात फिरलेल्या शेंगांइतकं, कधी कधी त्याहून जास्तही टिकतं.

मग सगळं कच्चंच खावं का?

नाही. गाजर कच्चं खाल्लं तर त्यातलं केशरी द्रव्य पेशींच्या भिंतींत अडकून राहतं आणि शरीराला त्यातलं थोडंच मिळतं. शिजवून, तेलाच्या फोडणीत ते जास्त मिळतं. टोमॅटोचा लाल रंगही शिजवून आणि तेलाबरोबर जास्त अंगी लागतो. डांगराची भाजी, शेवग्याच्या पाल्याची भाजी शिजवूनच खावी आणि ‘आम्ही बिनतेलाची खातो’ असं अभिमानानं सांगू नये. चमचाभर तेल हवंच. कडधान्यं कच्ची खाऊ नयेत, मोड आलेलीही वाफवून घ्यावीत. मटकीला मोड आले की तिच्यात आधी नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं, आणि लोहाला अडवून धरणारं द्रव्यही कमी होतं. ती मऊसर होईतोच शिजवावी, फार गाळ करू नये.

दुसऱ्या बाजूला, क जीवनसत्त्वासाठी रोज काहीतरी कच्चं ताटात हवंच. आमच्याकडे भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा, मुळा, हिरवी मिरची असायची. ती सवय उत्तम होती. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असतं. हंगेरीत ज्या शास्त्रज्ञानं या जीवनसत्त्वाचं काम केलं आणि १९३७ चं नोबेल मिळवलं, त्या अल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांनी ते किलोकिलोनं मिळवलं ते मिरचीतून.

क जीवनसत्त्वाचा आणखी एक उपयोग इथं सांगायला हवा. भाजीतलं आणि भाकरीतलं लोह शरीर नाखुशीनं घेतं. त्याच घासात क जीवनसत्त्व असलं की बरंच जास्त घेतं. पोह्यांवर, उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळण्याचं हे खरं कारण आहे. भाजी उतरवल्यावर पिळायचं, उकळत असताना नाही. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहातला तुरट अंश लोहाला अडवतो आणि अंगी लागणारं लोह निम्म्याखाली येऊ शकतं. एक तास थांबलं तरी फरक पडतो. रक्तक्षय असलेल्या बाईला मी एकच गोष्ट बदलायला सांगू शकत असेन, तर चहाची वेळ बदलायला सांगेन.

कुकरमध्ये सगळं मरतं, त्याचं काय?

कुकरात तापमान सव्वाशे अंशांच्या जवळ जातं हे खरं. पण वेळ निम्म्याहून कमी लागतो, हवा बाहेर गेलेली असते आणि पाणी थोडं असतं, तेही आपण फेकत नाही. त्यामुळं उघड्या पातेल्यात तासभर रटरटणाऱ्या डाळीपेक्षा कुकरातली डाळ पोषणाच्या बाबतीत मागं नसते. कोवळ्या पालेभाजीला कुकर नको, एवढंच. ती दोन शिट्ट्यांत लगदा होते.

एक कमी माहीत असलेली गोष्ट सांगते. भाजी चिरली की तिच्यातलीच काही द्रव्यं क जीवनसत्त्व खाऊ लागतात, आणि कोमट तापमानात ती सगळ्यांत जोरात काम करतात. चांगली उष्णता लागली की ती स्वतःच निकामी होतात. म्हणून भाजी गार पाण्यात घालून सावकाश तापवण्यापेक्षा कडकडीत फोडणीत किंवा उकळत्या पाण्यात टाकणं चांगलं. आणि शिजलेली भाजी मंद आचेवर दुपारपर्यंत गरम ठेवू नये. एकदा शिजवण्यानं जेवढं जातं, त्याहून जास्त या गरम ठेवण्यात आणि पुनःपुन्हा उकळण्यात जातं. लागेल तेवढीच वाटीभर काढून गरम करावी.

भांड्यांचं थोडक्यात सांगते. लोखंडी कढईत टोमॅटो किंवा चिंच घालून केलेल्या भाजीत थोडं लोह उतरतं, ते हवंच आहे. शिजल्यावर भाजी कढईत तशीच ठेवू नका, काळी पडते. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत आंबट शिजवू नये. तांब्याच्या स्पर्शानं क जीवनसत्त्व झपाट्यानं नासतं, आणि आंबटानं तांबं अन्नात उतरतं.

चांगली फळं आम्हाला कुठली परवडणार?

आजारी माणसाला भेटायला जाताना सफरचंदं नेण्याची रीत पडली आहे. १०० ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व पाच मिलिग्रॅमसुद्धा नसतं. पेरूत दोनशेच्या वर असतं, संत्र्याच्या चौपट. बाईला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे अर्धा पेरू झाला. तोही आपण मीठ-तिखट लावून आवडीनं खातो. सालीसकट खा, आणि मुलांना रस काढून देऊ नका. रसात चोथा जातो आणि साखर तेवढी उरते.

तासगावच्या बेदाण्याचंही विचारतात. चार किलो द्राक्षं वाळून एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतं, साखर आणि खनिजं दाट होतात, क जीवनसत्त्व जवळजवळ संपतं. त्यात लोह आहे, पण मूठभरात येणारं लोह थोडंच. बेदाणा चांगला खाऊ आहे, रक्तवाढीचं औषध नाही. उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवलेल्या हरभऱ्याच्या भाजीचंही असंच. लोह आणि चोथा राहतो, क जीवनसत्त्व जातं, आणि उन्हाऐवजी सावलीत वाळवली तर अ जीवनसत्त्वाचा अंश जास्त टिकतो. वाळलेल्या भाजीवर लिंबू पिळलं की उणीव भरून निघते.

औषध मारलेल्या भाजीचं काय?

द्राक्षपट्ट्यात हा प्रश्न विचारणारी बाई बरेचदा स्वतः बागायतदाराच्या घरची असते, त्यामुळं तिची भीती हवेतली नाही. फवारणीनंतर ठरावीक दिवस थांबून मगच तोडणी करायची असते. तो नियम शेतकऱ्यानं पाळला, तर निम्मं काम शेतातच होतं. आपल्या हातात उरतं ते वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं आणि कोबीची सगळ्यांत बाहेरची पानं काढणं. मिठाच्या पाण्यात अख्खी भाजी पाच मिनिटं ठेवून पुन्हा धुतली तरी चालेल, चिरलेली ठेवू नका. आत मुरणारी औषधं धुण्यानं जात नाहीत, हे खरं आहे. म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्यावी, आलटून पालटून वेगवेगळ्या भाज्या खाव्यात. भीतीपोटी भाजीच कमी केली तर त्यात तोटा जास्त आहे. द्राक्षाच्या मण्यावरची पांढुरकी लव मात्र औषधच असते असं नाही. तो द्राक्षाचा स्वतःचा मेणचट थर असतो.

खुडलेल्या कोवळ्या हरभऱ्याच्या भाजीची आंब जाते म्हणून ती धुवायची नाही, असं आमच्याकडे सांगतात. शेतात काही फवारलेलं नव्हतं तेव्हा ते ठीक होतं. आता एका पाण्यातून पटकन काढावी. आंब थोडी कमी होते, लिंबानं भरून येते.

पहाटे पाचला डबा करायचा असतो, ताई

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत रास्त वाटतो. कुपवाडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या बाईला ‘ताजी खुडा, ताजी चिरा’ हे सांगणं सोपं आहे. तिनं रात्री भाजी चिरून ठेवली म्हणून तिला दोष देणारे निरोप मला अजिबात आवडत नाहीत.

तिच्यासाठी असं करता येतं. रात्री पालेभाजी फक्त निवडून, धुऊन, कापडावर कोरडी करून अख्खीच ठेवायची. मेथीची पेंडी सकाळी चिरायला दोन मिनिटं लागतात. तिचा वेळ जातो तो निवडण्यात. गवार, घेवडा, तोंडली रात्री मोडून किंवा चिरून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवली तर नुकसान थोडं होतं, तेवढं सोसावं. पाण्यात घालून ठेवू नये. बटाटे रात्री सालासकट उकडावेत आणि सकाळी सोलावेत. आणि घरातलं दुसरं कोणी, नवरा किंवा मुलगा, रात्री टीव्हीसमोर बसून निवडायला घेत असेल, तर यातला निम्मा प्रश्न उरतच नाही.

लिंबू भाजीवर पिळून डबा भरू नका. दुपारपर्यंत गरम डब्यात त्यातलं काही उतरून जातं. कापलेली फोड कागदात गुंडाळून वेगळी द्या. जेवायला बसताना पिळायची, आणि कँटीनचा चहा त्यानंतर तासाभरानं.